गळ्याजवळची चमक

लेक : आणि आत गेल्यावर सगळं खरं सांगायचं. नेहमीसारखं 'मला काही होत नाही' म्हणायचं नाही.

बाबा : मला काही होत नाही, हेच खरं असलं तर?

लेक : तर डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं नसतं. बाकी कुणाला बोलावलंय का? या बाकावर आपण दोघंच आहोत.

बाबा : उजाडायच्या आत आणून बसवलंस, म्हणून दोघंच आहोत. झाडूवालासुद्धा आपल्यानंतर आला.

लेक : उपाशी यायचं होतं ना. उशिराची वेळ घेतली असती तर वाटेत बिस्किट तोंडात टाकलं असतंत.

बाबा : बेकरीवाला आहे मी. बिस्किट वाटेत लागत नाही, ते खिशातच असतं.

लेक : आत्ता आहे?

बाबा : नाही. काल रात्रीच तू खिसे तपासलेस.

लेक : हे बघा. हा तुमच्या स्कॅनचा फोटो बघा परत एकदा.

बाबा : नको. चार दिवस तेच चाललंय. जावयांना दाखवलास, शेजारणीला दाखवलास. दूधवाला तेवढा राहिला असेल.

लेक : बघा तरी. सगळी मान करडी आहे, आणि इथं दोन्हीकडे, गळ्याखालच्या हाडावर, पिवळं पिवळं चमकतंय. दिवसभर विमानतळावर माझ्या डोळ्यांसमोरून बॅगाच जातात, बाबा. पडद्यावर बघून सांगते मी, कुणाच्या बॅगेत कात्री आहे आणि कुणाच्या बॅगेत चमचा. हे जे आहे ना, ते तिथं असायला नको.

बाबा : बॅगेत माणूस नसतो.

लेक : आपलं ठरलंय ते लक्षात आहे ना?

बाबा : काय ठरलंय?

लेक : विसरल्याचं नाटक नको. अहवाल वाईट आला तर बेकरी भाच्याच्या हवाली करायची, खोलीला कुलूप लावायचं आणि माझ्याकडे यायचं. कायमचं.

बाबा : आणि चांगला आला तर तू मला माझ्या घरात राहू देशील. दिवसातून पाच वेळा फोन करून 'जिवंत आहात का' असं विचारणार नाहीस.

लेक : असं कधी विचारलंय मी? मी विचारते, काय चाललंय.

बाबा : सूर तोच असतो.

लेक : मग काय करू? आईला पण सगळे ठणठणीत म्हणत होते. ईसीजी चांगला, रक्त चांगलं. पंधरा दिवस आधी तो डॉक्टर हसून म्हणाला, तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जगाल. आणि मग एका सकाळी गॅसपाशी उभी होती ती तिथंच कोसळली. तुम्ही भट्टीवर, मी कामावर. म्हणून तुम्हाला या डॉक्टरांच्या अभ्यासात घातलं मी. साध्या तपासणीवर माझा विश्वास नाही राहिला.

बाबा : माहीत आहे. म्हणून तर आलो. नाहीतर मला काय हौस आहे त्या यंत्राच्या बोगद्यात शिरायची.

डॉक्टर : काका, आलात का? ताईपण आल्यात, बरं झालं. दोघंही आत या. दार ओढून घ्या मागं. आज ही खोली मुद्दाम उबदार ठेवली आहे.

लेक : डॉक्टर, आधी एकच सांगा. गाठ आहे का?

डॉक्टर : बसा तरी. कसली गाठ?

लेक : तुमच्या निरोपात लिहिलं होतं, मानेजवळ जास्त चमक दिसते, पुन्हा या. त्यापुढं काही नाही.

डॉक्टर : घाबरवायचं नव्हतं, म्हणून थोडक्यात लिहिलं.

लेक : थोडक्यात लिहिलं, म्हणून तर घाबरलो.

बाबा : ही घाबरली. मी पाव भाजत होतो.

लेक : हा फोटो बघा. इथं, आणि इथं.

डॉक्टर : हा तर आमच्या आतल्या पडद्याचा आहे. तुमच्याकडे कसा आला?

लेक : बाबांना टेबलावरून उठवायला तुमच्या माणसानं मला बोलावलं. पडदा समोरच होता. हात मोकळा होता.

डॉक्टर : काढायला नको होता. आता काढलाच आहे, तर द्या इकडे. हे बघा, पहिल्या दिवशी सांगितलं होतं ते थोडं परत सांगते. काकांना टोचतो ते साखरेसारखं औषध. शरीरात जिथं साखर जास्त जळते तिथं ते जाऊन बसतं, आणि तेवढा भाग यंत्राला चमकताना दिसतो. रक्तवाहिनीच्या भिंतीत दाह असला तर ती भिंतही चमकते. आतून नळी मोकळी असते, रक्त नीट वाहत असतं, पण भिंत धुमसत असते. ते साध्या तपासणीत सापडत नाही.

लेक : आईसारखं.

डॉक्टर : त्यांना मी तपासलं नाही, त्यामुळे त्यांच्याबद्दल काही म्हणणार नाही. पण असं घडतं. म्हणूनच आम्ही हा अभ्यास करतोय. रक्तवाहिन्यांमधला दाह, अंगातली चरबी, आणि त्या दोघांचं एकमेकांशी काय नातं आहे.

लेक : मग हे चमकतंय ती रक्तवाहिनी आहे?

डॉक्टर : नाही. अडचण तीच आहे. मला बघायची होती ती मानेतली मोठी रक्तवाहिनी इथून वर जाते. तिच्या शेजारीच इतका उजेड पडलाय की तिचं काही वाचताच येत नाही. समोरून दिवे लावून गाडी आली की तिचा नंबर दिसत नाही ना, तसं.

बाबा : मग दिवे कसले आहेत?

डॉक्टर : चरबीचे.

बाबा : डॉक्टरबाई, माझी चरबी पुढं आहे. शर्टाच्या बटणांना विचारा.

डॉक्टर : ती साठवणीची चरबी. ही वेगळी असते, रंगानं तपकिरी. हिचं काम ऊब तयार करायचं. तान्ह्या बाळांत भरपूर असते, मोठेपणी बहुतेकांची कमी होत जाते. पण ज्याला वर्षानुवर्षं थंडी सोसावी लागते त्याच्या अंगात ती टिकते. थंडी वाजली की ती साखर जाळून अंग गरम ठेवते. आणि साखर जळते, म्हणून आमच्या पडद्यावर चमकते.

लेक : तुमची खात्री आहे? शंभर टक्के?

डॉक्टर : दोन्ही बाजूंना अगदी सारखी आहे, मणक्याच्या कडेनंही आहे. त्याच वेळी आम्ही दुसरं साधं चित्र घेतो, त्यातही तिथं चरबीच दिसते. गाठ नाही. माझ्या वरिष्ठांनीही पाहिलं. खात्री आहे.

लेक : चार दिवस मी नीट जेवले नाही.

बाबा : आणि मला जेवूपण दिलं नाहीस. घास उचलला की गळ्याकडे बघायचीस.

डॉक्टर : फोन करून समजावून सांगायला हवं होतं मी. चूक माझी.

लेक : जाऊ दे. गाठ नाही ना. परत एकदा म्हणा.

डॉक्टर : गाठ नाही. आता मला एक कोडं सोडवून द्या. काकांच्या माहितीत लिहिलंय, धंदा बेकरीचा, काम भट्टीपुढं. अशी चरबी मला बर्फाच्या कारखान्यातल्या माणसात दिसली असती तर नवल वाटलं नसतं. काका, तुमच्या अंगात ही आली कुठून?

बाबा : मला काय माहीत. तुमचं यंत्र, तुम्ही सांगा.

डॉक्टर : त्या दिवशी औषध टोचल्यावर तुम्ही आत निजून होतात. थंडी वाजत होती का?

बाबा : तुमच्या सिस्टरनं विचारलं होतं. थंडी वाजते का, पांघरूण देऊ का. मी म्हणालो, नाही.

डॉक्टर : ते नोंदलेलं आहे. मी विचारतेय, वाजत होती का?

लेक : बाबा, बाहेर काय सांगितलं मी? खरं बोलायचं.

बाबा : वाजत होती. दात वाजत होते म्हणालात तरी चालेल.

लेक : मग नाही का म्हणालात?

बाबा : सवय.

डॉक्टर : कसली सवय?

बाबा : तसं सांगण्यासारखं काही नाही. हिच्या आईला उकडायचं. बाराही महिने. पंखा पुऱ्या वेगात हवा, डोक्याशी खिडकी उघडी हवी, मग बाहेर कितीही गारठा असो. मी दिवसभर भट्टीपुढं घामानं निथळायचो आणि रात्री पंख्याखाली काकडायचो. लग्न होऊन घरी आलो त्या रात्री तिनं विचारलं, थंडी वाजते का हो? मी म्हणालो, छे.

लेक : का पण?

बाबा : नवं लग्न होतं. अशा वेळी माणूस छे असंच म्हणतो.

डॉक्टर : मग नंतर तरी सांगायचं.

बाबा : एकदा छे म्हटल्यावर मग हो कुठल्या तोंडानं म्हणायचं? ती रोज विचारायची. दिवा मालवताना. मी रोज नाही म्हणायचो.

लेक : निदान जाड पांघरूण घ्यायचं.

बाबा : जाड घेतलं असतं तर तिला कळलं असतं. मग तिनं पंखा बंद केला असता आणि स्वतः रात्रभर तळमळत पडली असती. दिवसभर तीही राबायचीच की. मी पातळ चादर घ्यायचो आणि पाय पोटाशी. झोप यायची. अगदीच नाही यायची असं नाही.

लेक : डॉक्टर, आई सगळ्यांना काय सांगायची माहीत आहे? 'आमच्या ह्यांना थंडी म्हणजे काय ते ठाऊकच नाही, अंगातच भट्टी आहे ह्यांच्या.' मावशीला सांगायची, माझ्या सासूबाईंना सांगायची. मला तेच खरं वाटत होतं.

बाबा : तिला फार कौतुक होतं त्याचं.

डॉक्टर : तसं बघितलं तर त्या बरोबरच सांगत होत्या. अंगात भट्टी आहेच. ताईंनी तिचाच फोटो काढलाय.

बाबा : म्हणजे तुम्ही पकडलंत मला. तिला इतकी वर्षं जमलं नाही.

लेक : पण आता? आईला जाऊन वर्ष होत आलं. आता तर कुणी विचारत नाही. आता लावून घेत असाल ना खिडकी?

बाबा : पाणी पी तू. तुला प्यायला चालतं.

लेक : बाबा.

बाबा : उठतो लावायला. कडीला हातही लागतो. मग वाटतं, राहू दे, तिला उकडेल.

लेक : आणि पंखा?

बाबा : तो कमी केलाय. दोनवर असतो.

डॉक्टर : काका, हे मी माझ्या अभ्यासात लिहिलं तर चालेल? तुमचं नाव कुठंही येणार नाही.

बाबा : काय लिहिणार?

डॉक्टर : झोपण्याची जागा थंड, अनेक वर्षं.

बाबा : एवढंच?

डॉक्टर : एवढ्याचीच जागा असते.

बाबा : मग लिहा. खोटं नाही त्यात काही.

डॉक्टर : आता आजचं सांगते. मला पुन्हा एकदा स्कॅन करायचाय, पण तुम्हाला उबेत ठेवून. ऊब असली की त्या चरबीला काम उरत नाही, ती विझते, आणि मागची रक्तवाहिनी मला दिसते. त्यासाठी औषध पुन्हा टोचावं लागेल. किरणांची थोडी मात्रा असते त्यात. अभ्यासावर देखरेख करणाऱ्या समितीची परवानगी घेतली आहे, पण तुमची सही लागेल. नको वाटत असेल तर सरळ सांगा. त्यानं काही बिघडत नाही.

लेक : गाठ नाही म्हणालात. मग गरज आहे का?

डॉक्टर : चमक कशाची होती ते कळलं. रक्तवाहिनी कशी आहे ते अजून कळलेलं नाही. तिच्याबद्दल मी अजून एक शब्दही बोललेले नाही, ताई.

लेक : म्हणजे ज्याच्यासाठी आलो ते राहिलंच आहे.

डॉक्टर : हो.

बाबा : द्या सही कुठं करायची ते. ही अशीच घरी आली तर मला चादरसुद्धा पांघरू देणार नाही, गळा दिसला पाहिजे म्हणून.

डॉक्टर : आणि आज कुणी विचारलं, थंडी वाजते का, तर?

बाबा : तर विचार करून सांगेन.

डॉक्टर : विचार नको. नुसतं सांगा. मोजे घाला हे, दोन ब्लँकेट देतेय. दीड तास हलायचं नाही. ताई, तुम्हाला बाहेर थांबावं लागेल.

लेक : थांबते. फोनही बाहेर ठेवते, हवं तर.

(दुपार. तीच खोली. डॉक्टरांनी पडदा दोघांकडे वळवला आहे.)

डॉक्टर : आधी तुमची तक्रार करायची आहे, काका. आमच्या दोघी सिस्टर हाका मारून दमल्या. तुम्ही उठत नव्हता.

लेक : का, काय झालं?

डॉक्टर : झोपले होते. घोरत होते.

बाबा : मी घोरत नाही.

लेक : घोरता.

बाबा : तुझ्या आईनं कधी सांगितलं नाही.

लेक : तिनंही काही गोष्टी सांगितल्या नसतील की. डॉक्टर, पुढं.

डॉक्टर : पक्का अहवाल दोन दिवसांनी मिळेल, त्यावर वरिष्ठांची सही लागते. पण मी स्वतः सगळी चित्रं पाहिली आहेत. हा तुमचा आधीचा फोटो, आणि हे आजचं. तीच जागा.

लेक : पिवळं नाही.

डॉक्टर : नाही. विझलं. आता ही करडी पट्टी बघा, ही वर जाते ती. ही उजवीकडची आणि ही डावीकडची. याच त्या रक्तवाहिन्या. दोन्ही शांत आहेत.

लेक : शांत म्हणजे?

डॉक्टर : धुमसत नाहीत. भिंतीत दाह दिसत नाही. छातीतल्या मोठ्या धमनीत किंचित आहे, पण या वयाला इतपत असतंच. मी तिथं बोट ठेवणार नाही.

लेक : परत एकदा सांगा.

डॉक्टर : दोन्ही शांत आहेत.

लेक : बाबा, ऐकलंत का?

बाबा : ऐकलं. पाणी आहे का इथं? आता मलाही चालत असेल.

डॉक्टर : हे घ्या. सावकाश. आता एक वाईट बातमीही आहे. पोटाच्या आतली चरबी. ती जास्त आहे आणि थोडी तापलेलीही आहे. ती कमी केली नाही, तर आज शांत दिसतंय ते उद्या तसंच राहील असं मी म्हणणार नाही. रोज चालायला हवं. आणि बेकरीत तुम्ही काय काय चाखता?

बाबा : मोडलेले टोस्ट. गिऱ्हाइकाला देता येत नाहीत.

लेक : आणि न मोडलेले मोडून खाता, ते?

बाबा : तू माझी लेक आहेस की अन्न खात्याची?

डॉक्टर : मोडलेले दुसऱ्या कुणाला खाऊ द्या. आणि काका, पुढं कधी काहीच होणार नाही असा शिक्का मी मारत नाहीये. आज जे दिसलं ते चांगलं आहे, एवढंच म्हणतेय.

बाबा : तेवढं पुष्कळ झालं, बाई. त्याच्यावर कोण मागतंय.

डॉक्टर : पुढच्या वर्षी पुन्हा बोलवेन. त्या वेळी निरोप लांबलचक लिहीन. ताई, संध्याकाळपर्यंत लहान मुलांना त्यांच्या मांडीवर बसू देऊ नका, औषधाचा अंश असतो. भरपूर पाणी द्या. मी निघते, बाहेर पुढचे बसलेत. दहा मिनिटं इथंच टेकलात तरी चालेल.

लेक : डॉक्टर.

डॉक्टर : हं?

लेक : फोटो पुसून टाकते मी.

डॉक्टर : आधीचा पुसा. आजचा हवा असेल तर अहवालाबरोबर देईन. चोरून काढायची गरज नाही.

बाबा : भली बाई आहे. आता डोळे पूस. बाहेर गेल्यावर लोकांना वाटेल, अहवाल वाईट आला.

लेक : वाटू दे. तुम्ही जिंकलात. राहा तुमच्या त्या खोलीत. पण फोन मी करणार. दिवसातून दोनदा.

बाबा : एकदा.

लेक : दोनदा. आणि तिसरा तुम्ही मला करायचा.

बाबा : म्हणजे तीनदा झाला की.

लेक : पाचाचे तीन केले. अजून काय हवं? मोजे काढू नका. ते द्यायचे नसतात परत, मी विचारलंय.

बाबा : चांगले आहेत.

लेक : चार दिवस मी वेड्यासारखी वागले ना? तुम्ही मात्र एकदाही घाबरला नाहीत. मला रागच येत होता त्याचा. म्हटलं, ह्यांना काही वाटतच नाही.

बाबा : मलाही तसंच वाटत होतं. काय निघायचं ते निघू दे. तुझ्या आईला, ती गेली तेव्हाच, मी सांगून ठेवलं होतं.

लेक : काय?

बाबा : की फार दिवस वाट बघायला लावणार नाही.

लेक : बाबा, असं बोलायचं नाही.

बाबा : ऐकून तर घे. मघाशी त्या बाईंनी पडदा आपल्याकडे वळवला ना, तेव्हा मनात आलं, इतक्यात नको.

लेक : मग?

बाबा : मग काय. शांत आहेत म्हणाल्या. इतकं बरं वाटलं मला, की तुझ्या आईची लाज वाटली.

लेक : लाज कसली त्यात? आई रागावेल असं वाटतं का तुम्हाला?

बाबा : थोडी रागावेल. ताट वाढून ठेवून वाट बघत बसायचं तिच्या जिवावर यायचं.

लेक : मग आता काय सांगणार तिला?

बाबा : भट्टीवरून सांगायचो तेच. माल जास्त आहे, तू जेवून घे, मला उशीर होईल.